नव्या रंगाखालचं जुनं घर

पावसाळा तोंडावर आला होता आणि भाचीचा फोन आला. "मामा, रविवारी मोकळा आहेस ना? एक घर बघायला यायचंय. शिवाजी पार्कला." मग तिनं फोनवरच जाहिरात वाचून दाखवली. युद्धपूर्व काळातली आर्ट डेको इमारत, दुसरा मजला, संपूर्ण नूतनीकरण केलेला फ्लॅट, अकरा फूट उंच छत, इटालियन मार्बल, मैदानापासून दोन मिनिटं, आणि शेवटी, ‘पुनर्विकासाची उत्तम संधी’. मी म्हटलं, "अगं, नूतनीकरण केलंय त्याचेही पैसे मागतायत आणि इमारत पाडली जाईल त्याचेही. दोन्हीतलं एक काहीतरी खरं असणार ना?" ती हसली. पण घर मनात भरलेलं होतं, हे आवाजावरून कळत होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. नवं बांधण्यापेक्षा जुनं तपासण्यातच माझी चाळीस वर्षं गेली. त्यामुळे नात्यात कुणी घर घ्यायला निघालं की मला बोलावणं येतं, जसं लग्न ठरताना पत्रिका बघणाऱ्याला येतं. आणि त्याच्यासारखीच माझीही पंचाईत होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, आणि मी तिथं जाऊन काय बोलायचं?

मुंबईत ‘युद्धपूर्व’ हा नुसता शौकाचा शब्द नाही, कायद्यातली ती एक रेघ आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं १ सप्टेंबर १९३९ रोजी. त्यानंतर बरोबर एका वर्षानं येणारी १ सप्टेंबर १९४० ही तारीख मुंबईच्या भाडे कायद्यानं धरून ठेवली. १९४७ च्या कायद्यानं त्या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाणित भाडं ठरवलं. पुढं १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्याचा कायदा झाला, तेव्हा इमारतींचे वर्ग पाडले गेले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या त्या ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि १९६९ च्या सप्टेंबरपर्यंतच्या ‘क’ मध्ये. मंडळाच्या मूळ यादीत १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या, आणि त्यातल्या १६ हजारांहून अधिक ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे आपल्या भाषेत युद्धपूर्व. भाडं गोठलं, पण सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. पंधरा-वीस रुपये भाडं घेणाऱ्या मालकानं गच्चीची गळती कशातून काढायची? त्यानं ती काढली नाही. मालकाला दोष देणं सोपं आहे. माझे वडीलही भाडेकरूच होते, आणि भाडं वाढवून देतो असं ते कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

शिवाजी पार्कचा भाग मुळात नियोजनातून झालेला. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सुधार ट्रस्ट म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याकडं हवेशीर वस्त्या आखल्या गेल्या. मैदान लोकांसाठी खुलं झालं १९२५ मध्ये. तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला आजचं नाव मिळालं. तीसच्या दशकात भोवतीच्या भूखंडांवर इमारती उठल्या. तळमजला आणि वर दोन किंवा तीन मजले, गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडकीवर भुवईसारखा पुढं आलेला छज्जा, जिन्याला जहाजाच्या कठड्यासारखं रेलिंग. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकडच्या याच घराण्यातल्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मान मिळाला. दादरच्या इमारती त्या यादीत नाहीत, पण घराणं तेच.

या इमारती बांधल्या गेल्या त्या विकण्यासाठी नव्हे, भाड्यानं देण्यासाठी. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीसारखा १९१५ सालचा सहकारी प्रयोग हा अपवाद. नाहीतर फ्लॅट ‘मालकीचा’ असतो ही कल्पना आपल्याकडं रुजली ती युद्धानंतर. फ्लॅटमालकीचा कायदाच १९६३ चा. म्हणून युद्धपूर्व घर विकायला निघालं की पहिला प्रश्न मार्बलचा नसतो. प्रश्न हा, की विकणारा नेमकं काय विकतोय?

तो पागडीवरचा भाडेकरू असेल, तर तो भाडेकरूचा हक्क विकतो. पागडी पूर्वी बेकायदा होती. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि ती देण्याघेण्याला मान्यता मिळाली. प्रथा अशी, की हस्तांतराच्या वेळी साधारण तिसरा हिस्सा घरमालकाला जातो, तो संमती देतो आणि पावती नव्या नावानं फाडतो. यात घर आपलं होत नाही, घरात राहण्याचा हक्क आपला होतो. बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत, कारण गहाण ठेवायला मालकीच नसते. पागडीचं घर वाईट असं मी म्हणत नाही. मुंबईतली निम्मी मराठी मध्यमवर्गीय आयुष्यं त्यात गेली. पण मालकीच्या घराचा भाव देऊन पागडीचं घर घेऊ नये एवढंच.

सुदैवानं भाचीच्या त्या इमारतीत भाडेकरूंनी पूर्वीच एकत्र येऊन मालकाकडून इमारत विकत घेतली होती आणि सोसायटी नोंदवली होती. जावयानं भागदाखला, आधीचे करार, सोसायटीचं ना-हरकत पत्र अशी फाइल नीट लावून आणली होती. मी एकच विचारलं, "जमीन कुणाची?" दोघं एकमेकांकडं बघायला लागली. ट्रस्टच्या वस्त्यांतले अनेक भूखंड मुळात भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. पट्टा किती वर्षांचा, त्यातली किती उरली, इमारत घेताना तो सोसायटीच्या नावावर चढला का, हे मालमत्ता पत्रकावर आणि मूळ पट्ट्यावर बघावं लागतं. ‘सोसायटी आहे’ एवढ्यानं भागत नाही. ते काम वकिलाचं, म्हणून मी तिथंच थांबलो.

आता माझं काम. खरं सांगतो, दार उघडलं आणि मलाही घर आवडलं. उंच छत, समोरासमोर खिडक्या, मैदानाकडून येणारा वारा. आजच्या टॉवरमध्ये नऊ-साडेनऊ फुटांवर छत डोक्याला टेकल्यासारखं वाटतं. इथं मात्र पाऊस तिरपा आला तरी छज्जामुळं खिडकी उघडी ठेवता येईल. त्या काळच्या वास्तुकारांना विजेच्या पंख्यापेक्षा दिशेवर जास्त भरवसा होता. स्वयंपाकघराची भिंत काढून ते दिवाणखान्यात उघडलेलं, सगळीकडं पांढरं जिप्समचं खोटं छत, त्यात गोल दिवे, आणि खाली आरशासारखा मार्बल.

भाची म्हणाली, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "एक दिवा काढून बघू का?"

ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. खोट्या छतातले ते गोल दिवे स्प्रिंगवर बसवलेले असतात. इलेक्ट्रिशियनला सांगून, बटण बंद करून एक दिवा खाली ओढला की तीन-चार इंचांचं भोक मिळतं. त्यातून मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च वर घालायचा. खोट्या छतामागचं खरं छत दिसतं. विकणारा घरमालक ‘कशाला, कशाला’ म्हणू लागला, तर ते उत्तरही आपल्या कामाचंच असतं.

काय शोधायचं ते समजण्यासाठी काँक्रीटचा स्वभाव थोडा सांगायला हवा. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटचा गुण तीव्र अल्कली असतो. शाळेत शिकलेला पीएच आठवतो ना? तो तिथं १२ ते १३ असतो, आणि त्यात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कली संपवत जातो. पीएच ९ च्या आसपास आला की तो थर जातो, आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा त्याला मिळत नाही, म्हणून तो बाहेरचं काँक्रीट फोडतो. छताचा पापुद्रा पडतो तो त्यामुळं.

हा वायू किती वेगानं आत जातो? दुप्पट खोली गाठायला चौपट वेळ, असा ढोबळ नियम आहे. एखाद्या काँक्रीटमध्ये तो पहिल्या ५ वर्षांत ५ मिलिमीटर गेला असेल, तर १० मिलिमीटरला २० वर्षं लागतात आणि २० मिलिमीटरला ८० वर्षं. आता त्या काळच्या स्लॅबमध्ये सळईखालचं काँक्रीट किती? अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तिशीतच या हिशेबानं सळईचं कवच उतरतं. तीसच्या दशकातलं घर आज नव्वदीच्या घरात आहे. त्यात समुद्राची खारी हवा. म्हणून म्हणतो, युद्धपूर्व घरात सळई गंजली आहे का, हा प्रश्नच नाही. किती गंजली आहे, आणि आधीच्या लोकांनी त्याचं काय केलं, हा प्रश्न आहे.

हे तपासायला साध्या चाचण्या आहेत. काँक्रीटचा छोटा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडायचा. जिथं काँक्रीट निरोगी तिथं गडद गुलाबी रंग येतो, जिथं अल्कली संपली तिथं काहीच होत नाही. गुलाबी रेघ सळईच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे डोळ्यांनी दिसतं. शिवाय हातोड्याची उसळी मोजणारं उपकरण असतं, ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगानं जातात ते मोजणारं असतं. ही सगळी तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिशीच्या पुढं तीन वर्षांतून एकदा, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे. तेव्हा घर बघायला गेलात की पत्र्याच्या पेटीतून तो शेवटचा अहवाल मागा. महापालिका सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ असे वर्ग करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. अहवालातला वर्ग न बघता मार्बल बघणं म्हणजे तब्येत न विचारता शेरवानी बघणं.

मार्बलचंही सांगतो, कारण तिथं माझाच हात पोळलेला आहे.

आमच्या आईचं घर असंच जुनं, पहिल्या मजल्यावरचं. फरशी रंगीत सिमेंटची, नक्षीदार. अशा फरश्या मुंबईत १९२२ पासून भारत टाइल्सनं बनवल्या. स्वदेशीचा तो काळ, आणि विलायती फरशीला तोडीस तोड माल. १९९४ साली मी बऱ्यापैकी कमवायला लागलो होतो. आईला नवं घर देता येत नव्हतं, निदान जुन्याला नवं करावं म्हणून मी त्या फरशीवर टाचे मारून घेतले आणि वर पांढरा मार्बल बसवला. मी, इंजिनिअर माणूस, हिशेब न करता. हिशेब सोपा होता. दोन सेंटिमीटर दगड आणि त्याखाली चार सेंटिमीटर मसाला, मिळून चौरस मीटरला सुमारे १३० किलो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून जो भार आपण धरतो तो चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास. म्हणजे दोन-तृतीयांश कुवत मी दगडातच खर्च केली. दोनशे चौरस फुटांच्या खोलीत जवळजवळ अडीच टन.

नऊ वर्षांनी, २००३ च्या पावसाळ्यात, खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात छताचा परातीएवढा पापुद्रा ओट्यासमोर पडला. त्या देवघरात होत्या म्हणून वाचल्या. पाच मिनिटांपूर्वी तिथंच उभ्या राहून पोळ्या करत होत्या. सळया आधीच गंजलेल्या होत्या, हे खरं. पण टाच्यांचे हादरे आणि वरचं वजन, यांनी उरलेलं काम केलं. मी खाली धावलो. काकूंनी मला जन्मापासून बघितलेलं. त्या पोळपाटावरचा चुरा झटकत एवढंच म्हणाल्या, "तू इंजिनिअर ना रे?" दुसऱ्या दिवशीपासून मी मार्बल काढायला घेतला. खालची नक्षीची फरशी टाच्यांनी भोकं पडून गेली होती ती गेलीच.

तेव्हापासून माझा एक शिरस्ता आहे. ज्याचं घर घ्यायचं, त्याच्या खालच्या घराची बेल वाजवायची. वरचं घर कसं आहे ते खालच्या छताला माहीत असतं. त्या रविवारीही आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. एक आजी एकट्याच राहतात. "बसा," म्हणाल्या, आणि विचारायच्या आधीच आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगाच्या बरोब्बर वर छतावर ओलीचा पिवळट नकाशा. वर पूर्वी काय होतं? "कोठीची खोली होती हो. आता तिथं बाथरूम केलंय." भाचीचा चेहरा उतरला. वरती ज्याला ‘मास्टर बाथ’ म्हणून कौतुकानं दाखवलं, ते या बाईच्या पलंगावर होतं. कोरड्या खोलीवर ओली जागा आणणं म्हणजे गळती तर आहेच, शिवाय फरशीची पातळी वाढवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, त्याचं वजन वेगळं. असले बदल महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. परवानगीचा कागद फाइलमध्ये नव्हता.

काढलेली भिंत मात्र मला फारशी खटकली नाही. इमारत खांब-तुळयांच्या सांगाड्याची होती, आणि भिंत नुसती आडोशाची. पण तेही आजींच्या घरातली तीच भिंत आणि तुळई बघून ठरवलं. भार पेलणारी भिंत असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा वरती ‘ओपन किचन’ दिसलं की खालीवर जाऊन भिंतींची रांग लावा.

वर परत आलो, दिवा काढला. मागे तीन ठिकाणी सळया उघड्या, त्यातली एक पेन्सिलीएवढी बारीक झालेली. बाकीचं छत बऱ्यापैकी होतं, आणि एका भागात पूर्वी कुणीतरी पॉलिमर मॉर्टरनं नीट दुरुस्ती केलेली होती. जिन्यातले खांब मी ठोकून बघितले. दोन बद्द वाजले, त्यांत सळईच्या रेषेत उभी भेग. बाकीचे खणखणीत. म्हणजे इमारत मरणपंथाला लागलेली नव्हती, दुर्लक्षित होती. या दोन्हींत फार फरक आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी विसरला जातो. बिल्डरच्या माणसाला प्रत्येक जुनी इमारत धोकादायक दिसते आणि दलालाला प्रत्येक जुनी इमारत ‘सॉलिड’.

घरी येऊन आम्ही हिशेबाला बसलो. मुद्रांक शुल्क मुंबईत सध्या ६ टक्के, म्हणजे कोटीला सहा लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. दोघांच्या नावावर घेतलं की ती जाते. भाची नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मग माझ्याच नावावर." तो म्हणाला, "मामा, तुम्ही खांब बघायला आला होतात ना?" एवढ्यावरून तरी घरात पहिल्यांदा हसू आलं. मी कागदावर लिहून दिलं. मार्बल काढण्याचा खर्च, बाथरूम मूळ जागी नेण्याचा खर्च, छताच्या दुरुस्तीचा खर्च, आणि खांबांसाठी सोसायटी जी वर्गणी काढेल त्यातला त्यांचा वाटा. हे सगळं मागितलेल्या किमतीतून वजा करून उरेल तो आकडा सांगायचा, आणि ज्या नूतनीकरणाचे ते जादा पैसे मागत होते ते नूतनीकरण आपल्याला खर्चाच्या रकान्यात मांडावं लागतंय, हेही सांगायचं. भाचीनं विचारलं, "तू असतास तर घेतलं असतंस?" मी म्हटलं, छत पूर्ण उघडून दाखवलं तर विचार करीन. न उघडता नाही.

घरमालकांना आकडा आवडला नाही. दलाल म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. तीन आठवडे तसेच गेले. मग आजींनी सोसायटीला ओलीबद्दल लेखी तक्रार दिली, चिटणिसांनी ना-हरकत पत्र थांबवलं, आणि मालकांचा फोन आला. एका खोलीचं खोटं छत काढायला ते तयार आहेत, पाऊस उघडल्यावर. भाचीनं विचारलं कुठली खोली. ते म्हणाले, तुम्ही सांगाल ती. ती म्हणाली, "आजींच्या पलंगावरची."